मेणाचा मणी

तिने चौथ्यांदा डब्याचं झाकण उघडलं आणि मणी जागेवर आहे का ते बोटाने चाचपून पाहिलं. होता. वाटाण्याहून थोडा लहान, फोमच्या थरात नीट रुतलेला. झाकण लावून तिने डबा स्कॅनरच्या फळीवर ठेवला आणि काचेपलीकडे बसलेल्या टेक्निशियन काकांना हात केला. मशीन घरघरलं. पडद्यावर फोमची करडी चकती उमटली. मणी नव्हता.

"परत घेऊ?" काकांनी विचारलं.

"नको."

काचेजवळ येत तिने विचारलं, "हा मणी कुठून आणलात?"

"घरी केला. मेणबत्तीचा." काका तिच्याकडे न बघता म्हणाले. "आपले चाचणीचे मणी काचेचे. ते ठळकच दिसतात. म्हटलं, एखादा फिकट ठेवून बघावा."

कंपनी छातीचे स्कॅनर बनवायची, नेहमीच्या चौथ्या हिश्श्याच्या क्ष-किरणांत काम भागवणारे. किरणं कमी, म्हणून चित्रात खरखर जास्त. ती खरखर पुसून खरं चित्र बाहेर काढायचं काम तिच्या सूत्राचं. गणितात, फंक्शनल अ‍ॅनालिसिसमध्ये पीएचडी करून ती चार वर्षं घरी बसली होती. "एवढं शिकून त्याचं करायचं काय असतं गं?" असं वहिनी भाजी निवडता निवडता विचारायची. टोमणा नसायचा तो, खरोखरच कळत नसायचं तिला, आणि म्हणूनच ते जास्त लागायचं. मग ही नोकरी लागली. गेल्याच आठवड्यात जुन्या सरांच्या सांगण्यावरून तिने विद्यार्थ्यांसाठी एक पान लिहून पाठवलं होतं, हा विषय शिकून कुठे कुठे काम मिळतं त्याचं. हवामानाचे अंदाज, मोबाइलचे सिग्नल, विमानाच्या पंखांची कंपनं, विम्यातली जोखीम. आणि सगळ्यात वर, जरा फुशारकीनेच, स्वतःचं काम.

चूक कुठे आहे ते तिला मशीन शांत व्हायच्या आतच कळलं होतं. खरं चित्र आणि सूत्राने काढलेलं चित्र यांतला एकूण फरक हवा तितका लहान करता येतो, हे तिने सिद्ध केलं होतं. एकूण फरक. एवढ्याशा फिकट मण्याने त्यात कितीशी भर पडणार? सूत्राने त्याला खरखर समजून पुसून टाकलं होतं. सिद्धतेत एका ओळीचीही चूक नव्हती. पण एकूणात जवळ असणं म्हणजे प्रत्येक जागी जवळ असणं नव्हे, हे तर पहिल्या काही धड्यांतच शिकवतात.

आणि हे मशीन दोन रुग्णालयांत सहा आठवडे चालू होतं.

ती बाथरूममध्ये जाऊन कडी लावून उभी राहिली. सूत्राच्या पुढच्या आवृत्तीत एक आकडा गुपचूप बदलला असता, तर कुणाच्या बापाला पत्ता लागला नसता. हा विचार किती सहज आला, याचीच तिला जास्त भीती वाटली. तिने तोंडावर पाणी मारलं आणि तशीच ओल्या चेहऱ्याने साहेबांच्या खोलीत गेली.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्हीच म्हणाला होतात, गणिताची हमी आहे."

"हमी आहे, सर. पण चुकीच्या गोष्टीची."

ते ओरडतील म्हणून ती अंग चोरून उभी होती. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"किती जण?"

"दोनशे बारा. मूळ मोजमापं साठवलेली आहेत. कुणाला परत मशीनखाली झोपवायला नको. सूत्र बदलून चित्रं पुन्हा काढली की कळेल."

"मग काढा. मशीनं बंद करायला मी सांगतो. डॉक्टरांनाही फोन लावतो."

दुपारभर चित्रं एकेक करत येत राहिली. नावं नव्हती, नुसते क्रमांक. जुनं चित्र डावीकडे, नवं उजवीकडे. फोनवर रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांच्याही पडद्यावर तीच चित्रं येत होती. "पुढे," त्या म्हणायच्या. "पुढे." मध्येच थांबायच्या आणि क्रमांक लिहून घ्यायच्या. पाच वाजेपर्यंत असे सहा क्रमांक झाले. काका जेवायलाही गेले नव्हते. तिच्या मागे उभे होते, खुर्चीच्या पाठीला धरून.

"एकशे अठ्ठ्याहत्तर झाला का?" त्यांनी विचारलं.

"अजून एकशे एकसष्ट चाललाय. का?"

काका पुढे वाकले.

"आमच्या मंडळींचा आहे. खोकला जात नव्हता. मीच म्हटलं, आपल्याच मशीनवर करू. डॉक्टर काही नाही म्हणाले. पण खोकला काही थांबेना."

ती वळली. "तुम्हाला शंका कधी आली?"

"तीन आठवडे झाले."

"मग मला का नाही विचारलंत?"

"तुम्ही फळाभर सिद्ध करून दाखवलं होतं सगळं. म्हटलं, आपल्याला काय कळतंय त्यातलं." त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "आणि खरं सांगू? उत्तर ऐकायची छाती नव्हती."

तिने शेजारची खुर्ची ओढून त्यांना बसवलं. एकशे बासष्ट. पुढे. एकशे सत्तर. पुढे. तिला माउसवरचं बोट दाबावंसं वाटेना. एकशे अठ्ठ्याहत्तर उघडला. डावीकडे स्वच्छ. उजवीकडे, फुप्फुसाच्या कडेला, धुरकट ठिपका.

डॉक्टरीणबाई "पुढे" म्हणाल्या नाहीत.

"साडेपाच मिलिमीटर," शेवटी त्या म्हणाल्या. "असे डाग पुष्कळदा निरुपद्रवी निघतात. पण तपासायलाच हवा. उद्या सकाळी पाठवा."

काकांनी खिशातून मोबाइल काढला, घरचा नंबर लावला आणि पलीकडे घंटी वाजत असतानाच तो तिच्यापुढे धरला.

"तुम्ही सांगा. मला नाही जमायचं."

तिने फोन घेतला. पलीकडे आधी खोकल्याची उबळ आली, मग आवाज.

"हॅलो? कोण?"

"काकू, मी ऑफिसातून बोलतेय. काकांच्या शेजारीच बसलेय."

"अगंबाई! तूच ना ती गणितवाली? हे रोज सांगतात, सगळं मशीन हिच्या डोक्यावर चालतं म्हणून."

"हो, मीच ती," ती म्हणाली. "काकू, माझी एक चूक झालीय. सांगते. बसून ऐका."