तांबड्या फितीचा मान

“मला हिरवी? नवरदेवाच्या सख्ख्या मामाला हिरवी?”

सावळाराममामा कांद्याच्या वाफ्यात घोटाभर चिखलात उभे होते. गुलाबी फेटा एका कानावर आला होता. मनगटाला हिरवी फीत बांधलेली होती आणि ते मनगट त्यांनी तेजस्विनीच्या नाकासमोर धरलं होतं.

“मामा, हिरवी म्हणजे तुम्ही ठणठणीत आहात.”

“ठणठणीत? अगं पोरी, मी मामा हाय! आन् ही हिरवी तर तू वाढप्याला बी बांधलीस!”

झालं होतं असं. मढहून निमगाव साव्याला वऱ्हाड निघालं. नवरदेव मोटारीतून पुढं गेला, मागं टेम्पोत तेवीस माणसं. डिंगोऱ्याजवळ शेळी आडवी आली. टेम्पो रस्ता सोडून खाली उतरला आणि म्हैस डबक्यात बसावी तसा सावकाश कांद्यात आडवा झाला. शेताला पहाटेच पाणी दिलेलं. काळी माती लोण्यासारखी मऊ, त्यामुळं माणसं आपटण्याऐवजी रुतली.

ओतूरहून ॲम्ब्युलन्स आली. चालवायला जानकू आणि उपचाराला एकटी तेजस्विनी. ती बी.एस्सी. झाली होती, नंतर ॲम्ब्युलन्सचं शिक्षण घेतलं होतं, पण एकाच वेळी तेवीस माणसं तिनं फक्त परीक्षेच्या पेपरात बघितली होती. गाडीत स्ट्रेचर एक. दुसरी गाडी चाळीस मिनिटं लांब. आधी कुणाला न्यायचं हे तिलाच ठरवायचं होतं.

शिकवलं होतं तसं तिनं केलं. बांधावर उभी राहून ओरडली, “ज्यांना चालता येतंय त्यांनी त्या बाभळीखाली या!” एकोणीस जण गेले. काही रडत, काही भांडत, आणि जया नावाची करवली दोन्ही करत. त्या सगळ्यांना हिरवी फीत. कुणाचा हात मोडला, कुणाचा पाय मुरगळला, अशा तिघांना पिवळी.

उरली द्रौपदा. नवरदेवाची विधवा चुलती. हळदीला तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण नवरीच्या साड्यांची ट्रंक सांभाळायला आठवणीनं बोलावलं होतं. टेम्पो कलंडला तेव्हा ती ट्रंक तिच्या मांडीवर होती. आता ती वाफ्याच्या कडेला गप्प बसली होती.

“मला काय न्हाई झालं, बाई. तू बाकीच्यांचं बघ. निस्ता डावा खांदा दुखतोय.”

“खांद्यावर आपटलात?”

“न्हाई. ट्रंकंचा कोपरा बरगडीला बसला. खांद्याला कायबी लागलं न्हाई, आन् तोच दुखतोय. गंमतच हाय.”

तेजस्विनीला गंमत वाटली नाही. पोटात रक्त साठलं की खांदा दुखतो, हे तिनं वाचलेलं होतं. घड्याळ लावून तिनं श्वास मोजले. मिनिटाला चौतीस. नख दाबून सोडलं. दोन सेकंदांत परत यायचा गुलाबी रंग चार सेकंदांनी आला. तिनं खिशातून तांबडी फीत काढली, द्रौपदाच्या मनगटाला बांधली आणि जानकूला स्ट्रेचर आणायला सांगितलं.

घोटाळा इथंच झाला. सकाळी मढला फेटे वाटले होते. मामा आणि काका यांना गुलाबी, भावकीला भगवे, बाकीच्यांना टोप्या. त्यावरून अर्धा तास रुसवेफुगवे झाले होते. एवढं झाल्यावर लगेच रंगीत फिती निघाल्यात म्हटल्यावर वऱ्हाडाला दुसरं काय सुचणार?

“द्रौपदाला तांबडी?” जया किंचाळली. “आन् करवलीला हिरवी? आमाला काय फुकाट आणलंय व्हय?”

“अहो, हा मान नाही!” तेजस्विनी म्हणाली. “जीव कुणाचा जास्त धोक्यात आहे ते कळायला—”

“आमचा बी हाय की धोक्यात!” बाभळीखालून एकोणीस आवाज एकदम आले.

तिची पिशवी बांधावर उघडीच होती. तांबड्या फितीचं रीळ कुणी उचललं ते कळलं नाही, पण ते हातोहात फिरलं. दोन मिनिटांत बाभळीखाली सगळी मनगटं तांबडी. वाढप्यानं तर दोन्ही हातांना बांधून घेतली. सावळाराममामांच्या वाट्याला रीळ आलं तेव्हा नुसता पुठ्ठा उरला होता.

ते द्रौपदासमोर जाऊन उभे राहिले. रिकामा पुठ्ठा तिच्यापुढं धरला. द्रौपदानं मुकाट्यानं फीत सोडली.

“घ्या पावणं. मला कशाला? माज्यापायी लग्नात वाद नको.”

तेजस्विनी पोचेपर्यंत मामा हिरवी सोडून तांबडी बांधून गाडीत चढले होते आणि स्ट्रेचरवर उताणे पडले होते. फेटा पोटावर, हात फेट्यावर, डोळे मिटलेले.

जानकू कानाशी पुटपुटला, “म्याडम, पाय धरून वढू का?”

तेजस्विनीनं मागं वळून बघितलं. द्रौपदाच्या ओठांचा रंग उतरत चालला होता. ओढाओढीत दहा मिनिटं जातील, आणि दहा मिनिटं नव्हती. ओरडून उपयोग नव्हता, समजावून झालंच होतं. मग तिनं खरं तेच सांगायचं ठरवलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“जानकूभाऊ, मोठी कात्री द्या.”

मामांचा एक डोळा उघडला. “कात्री कशापायी?”

“तांबडी फीत असली की कपडे कापावे लागतात. आत कुठं लागलंय ते बघायचा नियम आहे. गळ्यापासून खालपर्यंत.”

“अगं, शिल्कचा हाय ह्यो झब्बा! परवाच शिवलाय!”

“सरळ रेषेत कापते. आणि आता पाण्याचा घोटसुद्धा नाही. जेवणही नाही, डॉक्टर हो म्हणेपर्यंत. उद्या म्हणतील, परवा म्हणतील.”

“जेवान बी न्हाई?”

“काय केलंय जेवाण?” जानकूनं भोळेपणानं विचारलं.

“जिलबी,” मामा क्षीण आवाजात म्हणाले.

कात्रीचं गार पातं झब्ब्याच्या काठाला लागलं आणि सावळाराममामा जे उठले ते थेट गाडीच्या बाहेर. बाभळीखाली तांबड्या फितींचा सडा पडला. वाढप्याची दुसरी गाठ सुटेना, तर तो ती दातांनी तोडू लागला.

मामांचं तोंड मात्र उतरलं होतं. तेजस्विनीनं त्यांच्या हातातून तांबडी फीत घेतली आणि हिरवी परत दिली.

“मामा, दुसरी गाडी येतेय. वळणावर कुणीतरी वजनदार माणूस हवा. ती थांबवायची, पिवळ्यांना आधी चढवायचं, आणि सगळी हिरवी माणसं तुमच्या हुकमात. जमेल?”

मामांनी झब्बा झटकला. “न जमाया काय झालं, म्याडम?” हिरवी फीत त्यांनी फेट्याला तुऱ्यासारखी खोचली आणि वळणाकडं चालू लागले.

द्रौपदाला स्ट्रेचरवर घेतलं. तांबडी फीत पुन्हा मनगटाला बांधली. तेजस्विनीनं कात्री उचलली तशी द्रौपदा पुटपुटली, “लुगडं कापू नगं गं. धा वर्सांत पयलं नवं हाय.”

नियम बघण्याचा होता, कापण्याचा नव्हता. तेजस्विनीनं कात्री खाली ठेवली, पदर बाजूला सारला, ओचा सैल केला. बरगडीखाली ट्रंकेच्या कोपऱ्याएवढं काळंनिळं दिसलं. पोट फळीसारखं घट्ट. “जानकूभाऊ, चला,” ती म्हणाली आणि नारायणगावच्या दवाखान्याला फोन लावला: ऑपरेशनची तयारी ठेवा, रक्ताच्या पिशव्या काढून ठेवा.

बरगडीखालची प्लीहा फाटली होती. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

चौथ्या दिवशी तेजस्विनी द्रौपदाला बघायला गेली, तर खाटेशेजारी सावळाराममामा बसलेले. फेट्यात अजून हिरवी फीत.

“लग्नात काय झालं, ठावं हाय का?” मामा सांगू लागले. “पोरीकडच्यांनी इचारलं, ह्या फिती कसल्या? म्हनलं, अपघातातली मान्सं. त्यांनी हिरव्यांची पयली पंगत बसवली, जिलबीचा आग्रव क्येला! नवरीचा आजा रुसला, मला का न्हाई हिरवी म्हनून. शेवटी त्याला माजीतली इतभर फाडून दिली.”

द्रौपदाला हसू आलं, टाके दुखले, तरी ती हसली. तिच्या मनगटावर तांबडी फीत तशीच होती. नर्सनं दोनदा कापायला घेतली, द्रौपदानं कापू दिली नव्हती.

मामांची नजर तिथं गेली. त्यांनी घसा खाकरला.

“मी काय म्हन्तो, तू आता बरी झालीस. तवा ती तांबडी रिकामीच झाली की. फुडल्या महिन्यात धाकल्या भाच्याचं लगीन हाय...”

द्रौपदानं मनगट पदराखाली घेतलं.

“न्हाई पावणं,” ती म्हणाली. “ही माजी हाय.”