व्यंकटराव सरांच्या जोड्या

व्यंकटराव सर वारले तवा औरंगपुऱ्यात त्यांच्या क्लासखाली हार घेऊन लई जण उभे होते म्हणं. मी गेले नाय. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. असं म्हणणारे त्यांच्या क्लासात बसलेले नसणार.

गोष्ट चौऱ्याण्णव सालची. मी द्वारका, देवगाव रंगारीची. बारावी झाले आणि घरात लगनाची घाई सुटली. कन्नडचं स्थळ होतं. पोरगं मला बघायला आलं आणि पूर्ण वेळ तंबाखू मळत बसलं. जाताना एकच विचारलं, "भाकरी गोल येती का?" मी रात्रभर रडले. शेवटी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, तोडगा काढला. "एक वर्ष देतो. बजाजनगरला मामाकडं राहा, इंग्रजी शीक, नोकरी धर. नाय लागली तर मार्गशीर्षात लगीन. मग तोंडातून शब्द काढायचा नाय."

लक्ष्मणमामा वाळूजला कंपनीत फिटर होता. त्यानंच सरांच्या क्लासात नाव घातलं. स्टेशनरीच्या दुकानावर दुसरा मजला, आणि जिन्याच्या तोंडाशी पाटी: 'पाठांतर नाही. समजून इंग्रजी.' पाटी वाचून मला वाटलं, नशीब काढलं बाई आपण!

कसलं नशीब! सरांचं सगळं इंग्रजी म्हणजे जोड्या. एक नाम घ्यायचं आणि त्याला दोन क्रियापदं लावायची. सर टेबलावर डस्टर आपटून नुसतं नाम ओरडायचे, "एबिलिटी!" आणि आम्ही तेवीस जण एका सुरात, "टू रीड अँड राइट!" म्हणजे लिहायवाचायची कुवत. "परमिशन!" "टू कम अँड गो!" यायजायची परवानगी. "पेशन्स!" "टू वेट अँड वॉच!" थांबून बघायचा धीर. असल्या तीनशे जोड्या. डस्टर आपटलं की तोंड आपोआप उघडायचं, डोक्याला विचारायची गरजच नव्हती.

पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं, "दोन क्रियापदं, मग 'टू' एकदाच का?" मी उभी राहिले. म्हणलं, "सर, बैल दोन असले तरी जू एकच असतंय ना, तसं."

मला अजून वाटतं, उत्तर बरोबर होतं. सर चष्म्यावरून बघत राहिले. "बाई गं, आधी गोठ्यातून बाहेर ये, मग इंग्रजीत शीर." अख्खा क्लास हसला. माझ्या शेजारी बसणारी दमयंती, जिच्या डब्यातलं मी रोज खायचे, ती पण हसली. त्या दिवसापासून मी त्या क्लासात तोंड उघडलं ते फक्त जोड्या म्हणायला.

कार्तिक उजाडला आणि मामाच्याच कंपनीत स्टोअरमध्ये क्लार्कच्या सात जागा निघाल्या. लेखी परीक्षेत कायम एकच प्रश्न असायचा: तुम्हाला ही नोकरी का हवी, बारा ओळी इंग्रजीत लिहा. सरांनी त्या बारा ओळी सांगितल्या, आम्ही उतरून घेतल्या. सगळ्या जोड्यांनी ठासून भरलेल्या. आठ दिवस घोकून घेतल्या. एक शब्द हलला तरी उभं करायचे. शेवटच्या दिवशी म्हणले, "वह्या इथं ठेवून जा. माझी मेहनत दुसऱ्या क्लासवाल्यांच्या हाती पडायला नको."

आम्ही ठेवल्या. परीक्षेला गेलो आणि तेवीसच्या तेवीस जण त्याच बारा ओळी लिहून आलो. यात काय वाकडं आहे, असं एकाच्याही मनात आलं नाय. यायचं कसं? आमच्या शाळेत गुरुजींचं उत्तर जसंच्या तसं लिहिणाराच हुशार. स्वतःचं लिहिणाऱ्याच्या कानाखाली बसायची.

चौथ्या दिवशी मामा पडल्या तोंडानं घरी आला. "द्वारके, काय करून बसलीस? साहेब म्हणतोय, सगळ्यांनी कॉपी केली. उद्या तेवीस जणांना बोलावलंय. तुमची नावं एमआयडीसीतल्या बाकीच्या कंपन्यांना पण कळवणार म्हणतोय."

नोकरी गेली तर गेली. पण नाव खराब झालं की वाळूजमधलं एकबी गेट उघडणार नव्हतं. आणि मार्गशीर्ष पंधरा दिवसांवर आलेला.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनच्या हॉलमध्ये आम्हाला उभं केलं. साहेब बोलायला शांत होता, त्यामुळं जास्तच भीती वाटत होती. त्यानं फोन करून व्यंकटराव सरांनाही बोलावलं होतं. सर आले, तेवीस पेपर चाळले. साहेबानं विचारलं, "सर, हे तुम्ही सांगितलेलं आहे का?"

मला वाटलं, सुटलो. आता सर व्हय म्हणतील.

सरांनी पेपर खाली ठेवले. "छे! माझ्या क्लासमध्ये पाठांतर नसतं. पाटीच लावली आहे तशी. एकानं लिहिलं असेल, बाकीच्यांनी उतरवलं. खेड्यातली मुलं आहेत, आता काय बोलणार!"

माझ्या अंगाची आग आग झाली. आठ दिवस घोकून घेतलं, आणि आता वर तोंड करून हे! मी म्हणलं, "सर, खोटं कशापायी बोलता? तुम्हीच सांगितलं. वह्या तुमच्याच कपाटात हायेत."

"कसल्या वह्या?" सर म्हणाले. चेहरा जराबी हलला नाय.

मी मागं वळून बघितलं. बावीस जण खाली माना घालून उभे. दमयंती चपलेच्या अंगठ्याकडं बघत होती. कुणी बोलणार नव्हतं. बोलायला सांगून ही पोरं बोलणारी नव्हतीच. मग मी कॅन्टीनचं स्टीलचं ताट उचललं, टेबलावर दाणकन आपटलं आणि सरांसारखीच ओरडले, "एबिलिटी!"

"टू रीड अँड राइट!" बावीस तोंडं एकदम उघडली.

"परमिशन!"

"टू कम अँड गो!"

"पेशन्स!"

"टू वेट अँड वॉच!"

पत्र्याखाली नुसता आवाज घुमला. पलीकडं भांडी घासणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. दमयंतीनं तोंडावर हात धरला, पण म्हणून झालं होतं. सरांच्या कपाळावर घाम आला. मला लई बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

साहेबानं माझ्या हातातलं ताट काढून बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "कॉपी नाही, हे पटलं. नावं कुठंही कळवणार नाही. पण तुम्हाला इंग्रजी येत नाही, हेही आता पटलं. कोरे कागद देतो. तोच प्रश्न. दहा मिनिटं. स्वतःचं लिहा."

कागद वाटले. मी पेन टेकवलं आणि हातातून सरांचीच पहिली ओळ उतरली. खोडली. दुसरी पण त्यांचीच आली. ती बी खोडली. माझ्या आत माझं काही उरलंच नाय काय, असं वाटलं. त्या थापायच्या भाकरी डोळ्यांपुढं आल्या, तो तंबाखू मळणारा हात आला. मग चिडून जे सुचलं ते खरडलं. तीन ओळी. वडलांनी एक वर्ष दिलंय, वर्ष सरलंय, मला लगीन नको, काम पायजे. इंग्रजी कसं का असंना.

बाकीचे बहुतेक कोरेच कागद घेऊन उभे होते. काहींनी परत त्याच बारा ओळी लिहिल्या होत्या.

साहेबानं माझा कागद वाचला आणि सरांच्या हातात दिला. सरांनी खिशातलं लाल पेन काढलं, सवयच ती, आणि सहा ठिकाणी गोल केले. कागद टेबलावर टाकत म्हणाले, "हे असलं मी शिकवत नाही. यातलं एक वाक्यही माझं नाही."

"नक्की?" साहेबानं विचारलं.

"शपथेवर सांगतो. माझ्या क्लासशी या कागदाचा काडीचाही संबंध नाही."

"मला तेवढंच पाहिजे होतं," साहेब म्हणाला आणि माझ्याकडं वळला. "सोमवारी सकाळी आठला गेटवर ये. जन्मतारखेचा दाखला आण."