टेबलाखालचा नकाशा

शाळा बंद होती, पण अभ्यास काही बंद नव्हता. तो रोज सकाळी फोनवर टिंग करून यायचा, आणि टिंग झालं की गोटीचे बाबा हातातला चहा तसाच ठेवून फोनवर झडप घालायचे. साथ सुरू झाल्यापासून हे असंच चाललं होतं. बाई घरच्या घरी करता येईल असा एखादा उपक्रम पाठवायच्या आणि मुलांनी तो करून त्याचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकायचा. आता ‘मुलांनी’ म्हणजे नेमकं कोणी, हे तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको! ज्याच्या घरी असं कधीच घडलं नाही, त्याने खुशाल हात वर करावा.

गोटीचे बाबा एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायचे. त्यांची रेष केसभरही हलत नसे, आणि दुसऱ्याची हललेली रेष त्यांना बघवत नसे. साथीत ऑफिस घरी आलं. म्हणजे त्यांचं ते भलंमोठं टेबल घरी आलं आणि बाहेरच्या खोलीत दारापासून खिडकीपर्यंत ऐसपैस पसरलं. घर अवघं दोन खोल्यांचं. खिडकी उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरून उतरलेला सांडपाण्याचा पाइप. आई औषधांच्या दुकानात कामाला, त्यामुळे तिला बाहेर पडावंच लागे. गोटीला मात्र बाहेर सोय नव्हती आणि आतही नव्हती. धावली तर खालच्यांची तक्रार, गाणं म्हटलं तर बाबांची मीटिंग, नुसती गुणगुणली तरी बाबांचे डोळे वटारलेले. शेवटी तिने टेबलाखालची जागा धरली. पूर्वी घरभर घरंगळायची म्हणून जिचं नाव गोटी पडलं, ती दुसरीतली पोर आता दिवसच्या दिवस तिथे गुडघे पोटाशी घेऊन बसू लागली.

बाबांची तरी काय मजा चालली होती म्हणा! ऑफिसातली माणसं एकेक करून कमी होत होती. साहेब झालेला नकाशा परत पाठवायचे. न्हाणीघर अलीकडे घ्या. नको, पलीकडेच बरं होतं. हा गृहस्थ दिवसभर “हो सर, हो सर” करायचा आणि आपली पाळी कधी येते याची मनात धास्ती बाळगायचा. निदान एका गोष्टीत तरी कुणी आपल्याला नाव ठेवू नये असं त्यांना फार वाटे. ती गोष्ट म्हणजे गोटीचे उपक्रम.

बाईंनी सांगितलं, रंगीत कागद हाताने फाडून चित्र चिकटवा. बाबांनी ते पोलादी पट्टी लावून कटरने कापलं. बाईंनी सांगितलं, घरातलं टेबल आपल्या वितीने मोजा. बाबांनी टेपने टेबल मोजलं, टेपनेच गोटीची वीत मोजली आणि भागाकार करून उत्तर दशांश चिन्हासकट धाडून दिलं! एकदा ओल्या कापडात बी रुजवायचं होतं. गोटी कापड सारखं उघडून बघायची, त्यामुळे तिचं बी काही रुजेना. बाबांनी आपलं वेगळं बी रुजवून ठेवलं होतं, तेच हळूच तिच्या वाटीत ठेवलं.

“बाबा, हे माझं नाहीये,” गोटी म्हणाली.

“तुझंच आहे गं. वाटी नीट धर. हं, हस बघू.”

गोटी हसली. हसण्यात ती आताशा तरबेज झाली होती. टिंग झालं की ती आपणहून केस विंचरायची आणि भिंतीला टेकून उभी राहायची. उपक्रम म्हणजे काय, तर बाबांनी केलेलं हातात धरून हसायचं, एवढंच तिला उमगलं होतं.

“अहो, तिला करू द्या की जरा,” आई एकदा पायांत चपला सरकवता सरकवता म्हणाली.

“आणि ग्रुपवर तोंड कुठे लपवू? बाकीच्यांचे फोटो बघितलेस का?”

आईला कामावर उशीर होत होता. ती पिशवी उचलून गेली.

मग एके दिवशी उपक्रम आला, ‘आपल्या घराचा नकाशा काढा.’ झालं! आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालं. नकाशा म्हणजे तर बाबांचा प्राण. त्यांनी साहेबांचं काम बाजूला सारलं. भिंतींची जाडी, दारं कुठल्या बाजूला उघडतात त्याच्या कमानी, खिडक्या, मोरी, सगळं अचूक प्रमाणात उतरवलं. गोटी टेबलाखालून म्हणाली, “बाबा, मी दार रंगवू?” बाबा म्हणाले, “थांब, रंग बाहेर जाईल.” तिने पुन्हा विचारलं नाही. फोटो गेला आणि ग्रुपवर वाहवा झाली.

दुपारी बाईंचा व्हिडिओ कॉल आला. बाबांनी कॉलर सारखी केली. त्यांना वाटलं, कौतुकच असणार.

“गोटी, नकाशा छान आहे गं,” बाई म्हणाल्या. “आता मला सांग, यात तू कुठे बसतेस?”

गोटीने कागदाकडे बघितलं. मग बाबांकडे बघितलं. कागदावर भिंती होत्या, कमानी होत्या, पण तिला आपलं घर त्यात सापडेना.

“बाबांना माहीत आहे,” ती म्हणाली.

“बरं, मग बाबांना दे फोन.” गोटी टेबलाखाली गेल्यावर बाईंनी आवाज खाली आणला. “रागावू नका, पण मी रोज सगळे फोटो मोठे करून बघते. मुलाचा हात कुठे दिसतो का, ते शोधते. गोटीचा हात मला आजवर दिसलेला नाही.”

“बाई, मागे पडायला नको ती. शाळा बंद, सगळं बंद. मी माझी कामं टाकून...”

“मागे पडण्यासाठीसुद्धा आधी तिला चालावं लागेल ना? तुम्ही तिला कडेवरून उतरवतच नाही. मला सुंदर नकाशा कशाला हवा आहे? वाकडी रेष काढताना मूल थांबतं, खोडतं, पुन्हा काढतं. अभ्यास होतो तो तिथे! तिचं खोडणं तुम्ही करून टाकलंत, मग तिला उरलं काय?”

“मला आता मीटिंग आहे,” बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. मीटिंग-बिटिंग काही नव्हती. बाईंचा त्यांना संताप आला होता. भलं करायला जावं तर वर उपदेश ऐकावा! त्यांनी कटर आपटला, पट्टी आपटली, आणि तेवढ्यात परत टिंग झालं.

येत्या सोमवारपासून शाळा सुरू.

“गोटी!” बाबा सगळा राग विसरून ओरडले. “अगं, शाळा सुरू होतेय! सोमवारी जायचंय शाळेत!”

 त्यांनी वाकून टेबलाखाली बघितलं. गोटी गुडघ्यांत डोकं खुपसून रडत होती.

“अगं, काय झालं? शाळा आवडायची ना तुला?”

“मला नाही जायचं.”

“का पण?”

“तिथे तू नसशील.” तिला हुंदके आवरेनात. “मग माझं कोण करणार? मला काहीच येत नाही.”

बाबांना आठवलं. हीच पोर पूर्वी भिंतीवर, फरशीवर, आईच्या बिलांच्या पाठीवर, दिसेल तिथे चित्रं काढायची आणि “हे बघ मी काय केलं!” म्हणून घर डोक्यावर घ्यायची. काय करून बसलो मी! साथ बाहेर होती, दार लावून तिला बाहेर ठेवलं. आणि दाराच्या आत या लेकराचे हात बांधून ठेवले ते आपणच!

त्यांनी एक कोरा कागद आणि पेन्सिल घेतली, आणि एवढा उंचापुरा माणूस रांगत टेबलाखाली शिरला. तिथे त्यांना मानसुद्धा वर करता येईना. पाठीला टेबलाची आडवी पट्टी लागत होती. दिवसभर ही इथे बसते?

“घे. आपलं घर काढ.”

“चुकलं तर?”

“चुकू दे.”

“तू नीट करशील ना मग?”

“नाही,” बाबा म्हणाले. आणि खात्री नव्हती म्हणून दोन्ही हात मांडीखाली घालून त्यावर बसले.

गोटीने बराच वेळ पेन्सिल नुसती धरली. मग पहिली रेष काढली. वाकडी! बाबांचे हात मांडीखाली शिवशिवले. तिने खोडलं, कागद जरा फाटला, तिने पुन्हा काढलं. एक मोठ्ठा चौकोन झाला, जवळजवळ कागदभर.

“प्रमाण...” बाबांच्या तोंडून निघालंच. त्यांनी जीभ चावली.

“हे टेबल,” गोटी म्हणाली. उरलेल्या कोपऱ्यात तिने स्वयंपाकघर कोंबलं. बाजूला दार काढलं आणि त्यावर फुली मारली. दाराबाहेर आई काढली, हातात पिशवी घेतलेली. चौकोनाच्या खाली एक बारीक टिंब दिलं. “ही मी.”

“आणि हे दोन खांब कसले?”

“खांब नाहीत काही. तो तू आहेस.”

नीट बघितल्यावर त्या दोन उभ्या रेषांना खाली चपला दिसल्या. वर काहीच नव्हतं. टेबलाखालून बाबा तेवढेच दिसायचे.

नकाशात माणसं काढायची नसतात, ही बाबांच्या धंद्याची रीत. त्यांच्या नकाशात घर अगदी अचूक होतं, फक्त घरातलं कुणीच नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. वर साहेबांचा फोन वाजू लागला. वाजून वाजून थांबला.

“बाबा, रडू नको. मी दुसरं काढते.”

“नको गं राणी. हेच पाठवू. हेच बरोबर आहे.”

वाचकहो, मुलांच्या वाटचा घास आपण खात नाही. मग त्यांच्या वाटची चूक तरी आपण का करून टाकावी? शाळा चालू असो की बंद, मूल शिकतं ते स्वतःच्या हाताने. वाकडं होईल, फाटेल, सांडेल. होऊ द्या! आपण जवळ बसावं, आणि फारच हात शिवशिवले तर त्या हातांवरच बसावं.

संध्याकाळी आई आली तेव्हा टेबल भिंतीला उभं लावलेलं होतं आणि बाहेरच्या खोलीत कधी नव्हे ती फरशी दिसत होती. बापलेक त्या फरशीवर समोरासमोर बसले होते, दोघांच्या मध्ये तोच कागद.

“अहो, हे काय?” आईने दारातूनच विचारलं.

“श्श! आई, बोलू नको,” गोटी म्हणाली. “बाबा, तूपण हलू नको. आता तुझं तोंड काढायचं राहिलंय.”

तिने त्या दोन पायांवर एक वाटोळं तोंड काढलं. नाक पार कानाशी गेलं होतं. बाबा हलले नाहीत.