बुरशी मेली नव्हती

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. म्हातारपणी माणसं निवळतात म्हणे. मी काही निवळलेलो नाही. माझा राग अजून ताजा आहे आणि तो तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, कुणाच्या तरी घरी दूध-भाजी सांभाळत आयुष्य जाईल. पण मला विकत घेतलं एका संशोधक बाईंनी, आणि नेऊन ठेवलं शेतकऱ्यांच्या भांडारात. त्या भागातल्या गाजराच्या आणि घेवड्याच्या शेतांना सूत्रकृमींनी पछाडलं होतं. सूत्रकृमी म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, दोऱ्यासारखे जंत. ते मुळांत घुसतात, मुळांवर गाठी येतात आणि पीक उभ्या उभ्या पिवळं पडतं. गाजरांना तर दोन-दोन, तीन-तीन पाय फुटतात.

अशाच एका रोगट शेताचा एक कोपरा मात्र हिरवागार होता. बाईंनी तिथली माती उचलली आणि सहा वर्षं तिचा पिच्छा पुरवला. शेवटी त्यांना सापडली एक बुरशी, सूत्रकृमींची अंडीच फस्त करणारी. तिची भुकटी करून बाईंनी पाकिटं भरली आणि माझ्या पोटात रचली.

"काका, हिच्यात जीव आहे," त्यांनी भांडारपाल काकांना बजावलं. "दूध जपता तशी जपा. उन्हाळ्यात बाहेर राहिली तर मरेल. आणि मेलेली नि जिवंत, दिसायला सारखीच."

पहिलं पाकीट नेलं आत्याने. ती कुणाची आत्या होती कोण जाणे, सगळेच तिला आत्या म्हणत. तिने भुकटी शेणखतात कालवली, सावलीत ओलसर ठेवली, पंधरा दिवसांनी शेतात पसरली. दोन हंगामांनंतर ती एक सरळसोट गाजर घेऊन आली आणि माझ्या डोक्यावर ठेवून म्हणाली, "घे रे, तुझ्या कष्टाचं." त्यानंतर आत्यासकट साठ घरांनी पाकिटं नेली. मी फुगलो होतो, खोटं कशाला सांगू?

मग भांडारावर नवे साहेब आले. पहिल्याच बैठकीत त्यांनी नाक मुरडलं. "पाहुण्यांना कोमट सरबत देता? फ्रीज काय शोभेला ठेवलाय?"

"त्यात बाईंची पाकिटं आहेत," काका पुटपुटले.

"पावडर ती पावडर. माळ्यावर टाका."

काकांनी हुकूम पाळला. स्वतःच्या हातांनी पाकिटं माळ्यावर चढवली, तापून लाल होणाऱ्या पत्र्याखाली. माझ्यात सरबताच्या बाटल्या आल्या. तो अख्खा उन्हाळा मी इमानेइतबारे बाटल्या थंड करत राहिलो आणि डोक्यावर बुरशी भाजून निघाली. पेरणीच्या वेळी साठ घरांनी तीच पाकिटं नेली. मेलेली भुकटी त्यांनी जिवापाड जपून मातीत मिसळली.

पीक बुडालं. लोक उपटलेली गाठाळ मुळं घेऊन भांडारात आले. बाईंनाही बोलावणं गेलं. त्या येणार त्या दिवशी सकाळी साहेबांनी बाटल्या काढायला लावल्या आणि उरलेली पाकिटं पुन्हा माझ्यात मांडायला लावली. मांडली कुणी? काकांनीच.

बाईंनी माझं दार उघडलं. पाकिटाला हात लावला. गार होतं.

"काका, कायम इथेच होती ना?"

"इथेच, बाई," काका जमिनीकडे बघत म्हणाले.

बाईंनी एक पाकीट तपासायला नेलं. चार दिवसांनी परत येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "यात काहीच जिवंत नाही. माझी बुरशी साठवणीत टिकत नाही. चूक माझी आहे."

कुणीतरी हसलं. "सहा वर्षं बुरा पाळत बसल्या होत्या." आत्या तेवढी हसली नाही. मला दात असते तर मी ते खाल्ले असते. साहेबांनी जमिनीत ओतायचं जालीम विष मागवलं. ते हिरव्या कोपऱ्यातही ओतलं गेलं. दुसऱ्या दिवशी गांडुळं वर येऊन मरून पडली होती.

दीड वर्षाने बाई मला न्यायला आल्या. मी तोवर मागच्या पडवीत पडलो होतो, माझ्यात गंजके विळे भरले होते. काका त्यांच्या मागे आले आणि उभ्यानेच म्हणाले, "बाई, ती माळ्यावर होती. उन्हाळाभर."

बाई पोत्यावर बसल्या.

"मी प्रयोगशाळेतल्या सगळ्या बशा धुऊन टाकल्या, काका. वाढवायला ठेवलेली बुरशी फेकून दिली. मला वाटलं, मीच चुकले."

काका रडायला लागले. बाईंना दया आली नाही, आणि मलाही नाही. "माझ्यासमोर रडून काय होणार?" त्या म्हणाल्या. "साठ घरांना सांगा." मला तिथेच टाकून त्या निघून गेल्या.

काका सायकल काढून निघाले. पहिलं घर आत्याचं. तिने ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "आता पुढच्या घरी जा." अकरा घरं झाली. मग काकांचे गुडघे दुखायला लागले म्हणे. साहेबांचे गुडघे ठणठणीत आहेत, पण ते एकाही घरी गेले नाहीत.

मित्रांनो, जिवंत वस्तू जपा, एवढं कुणीही सांगेल. मला त्यापुढचं सांगायचं आहे. एकोणपन्नास घरं अजून बाईंना फसवी समजतात. मला पाय नाहीत, तुम्हाला आहेत. त्यातलं एखादं घर तुमचं असेल, तर आज घरी जाऊन सांगा, की बुरशी मेली नव्हती. आम्ही ती मारली. आणि मारणाऱ्यांत बाटल्या थंड करणारा मीही होतो.