ताडांच्या झऱ्यावरून परतताना

एप्रिलअखेर अमरावतीहून आलेल्या आईबाबांना दीक्षानं कॅलिफोर्नियातल्या वाळवंटी राज्य उद्यानात नेलं. माहिती केंद्रातल्या बाईंनी नकाशा दिला. फुलांचा बहर सरला होता, पण घळीतून दोन-अडीच किलोमीटर चाललं की ताडांच्या सावलीत झरा होता, कड्यांवर रानमेंढे दिसत. "भरपूर पाणी न्या, अकराच्या आत परता. तिथं फोन लागत नाही," त्यांनी बजावलं.

तरी बाबांनी, बुधाजींनी, एकच बाटली घेतली. ते कृषी खात्यातून निवृत्त झालेले. "अकोल्यात सेहेचाळीस डिग्रीत शेतं फिरलो मी. हे बाई मले ऊन शिकवून राहिली का?"

झऱ्यात पाय सोडून तिघं मजेत बसली. परतताना मात्र बुधाजींना वर मेंढा दिसला आणि फोटोसाठी ते दगडांवरून चढत गेले. हाका मारूनही तासभर आले नाहीत. खाली उतरले तेव्हा पाय लटपटत होते, बाटली रिकामी होती.

"इंदू, एसटी कावून थांबली?" त्यांनी विचारलं.

बाबा थट्टा करताहेत असं वाटून दीक्षाला हसू आलं. आईनं, इंदूबाईंनी, नवऱ्याच्या कपाळाला हात लावला. कातडी तव्यासारखी तापलेली, घामाचा टिपूस नाही. भातकुलीच्या आरोग्य उपकेंद्रात त्यांनी तीस उन्हाळे नर्स म्हणून काढले होते; हा उष्माघात, हे त्यांनी लगेच ओळखलं.

"आई, गाडी अर्ध्या तासावर आहे. बाबाले धरून नेऊ."

"एक पाऊल चालवायचं नाही."

"इथं बसून काय होणार?"

"चालवलं तर मरतील ते. तू जाय. माणसं घेऊन ये."

दीक्षा रडवेली होऊन निघाली. इंदूबाईंनी नवऱ्याला कड्याच्या सावलीत ओढलं, शर्ट काढला. दोघींच्या बाटल्यांतलं उरलेलं पाणी दीड लिटरच होतं. त्यांची स्वतःची जीभ टाळूला चिकटली होती. त्यांनी ओढणी भिजवून बुधाजींच्या छातीवर, मानेवर पसरली आणि नकाशानं वारा घालू लागल्या. बुधाजी हात झटकत होते, शिव्या देत होते. मग ते गप्प झाले. त्या गप्पपणाची इंदूबाईंना शिव्यांपेक्षा जास्त भीती वाटली.

"दीक्षाचे बाबा, नाव सांगा तुमचं."

उत्तर नाही. श्वास मात्र चालू होता, भराभर. शेवटचं पाणी इंदूबाईंनी त्यांच्या डोक्यावर ओतलं.

घळीत बूट वाजले. उद्यानाचे दोन रक्षक बर्फाच्या पिशव्या घेऊन धावत आले, मागून दीक्षा. थोड्या वेळानं हेलिकॉप्टर आलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बुधाजींनी डोळे उघडून चहा मागितला. डॉक्टर म्हणाले, तिथून चालवत आणलं असतं तर ते वाचले नसते. दीक्षानं ते आईला मराठीत सांगितलं आणि मान खाली घातली.

इंदूबाईंनी चुरगळलेला नकाशा मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी सपाट केला. दीक्षानं ते हात आपल्या हातांत घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत.