शिक्क्याखालचा चेहरा

महाडच्या बाजारपेठेत श्रीधर आणि शुभदाचा फोटो स्टुडिओ होता. फोटो श्रीधर काढायचा आणि कॉम्प्युटरवर बसून ते नीटनेटके करायची शुभदा. कोणाच्या गालावरचे पुरळ घालव, कोणाच्या मागचा कळकट पडदा बदल, लग्नाचे अल्बम लाव, असं तिचं काम. वीस वर्षांत पोलादपूरपासून पाचाडपर्यंतची किती माणसं तिच्या नजरेखालून गेली होती, त्याला गणती नव्हती. रस्त्यात कोणी भेटलं की नाव आठवायचं नाही, पण कपाळावरची खोक बरोबर आठवायची.

कोरोनानंतर लग्नं पुन्हा सुरू झाली तेव्हा, एकवीस सालच्या फेब्रुवारीत, दोघांचं वाजलं. कॉम्प्युटर अकरा वर्षांचा झाला होता. मोठा फोटो उघडायला लावून शुभदा चहा टाकून यायची, तरी तो अर्धाच उघडलेला असायचा. आणि फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर होतं ते कोणीतरी कधीतरी पेनड्राइव्हवरून घालून दिलेलं, फुकटचं. श्रीधरला ते खुपायचं. माणगावच्या त्याच्या एका मित्राने रीतसर लायसन घेतलं होतं. वर्षाचे पैसे भरायचे आणि त्यातच सगळे फोटो इंटरनेटवरून कंपनीकडे साठवायची सोय.

"आपणही तेच घेऊ," श्रीधर म्हणाला. "चोरीच्या वस्तूवर किती दिवस धंदा करायचा? शिवाय फोटो तरी सुरक्षित राहतील."

"आणि चालवायचं कशावर? या खटाऱ्यावर?" शुभदा म्हणाली. "पुढच्या वर्षी पैसे भरले नाहीत की हातात काय उरणार? मशीन घेतलं तर ते आपलं राहील."

"दोन्ही एकदम जमायचं नाही, शुभदा."

"मग मशीन घ्या. तिथं आठ-आठ तास मी बसते, तुम्ही नाही."

तिची मान आणि खांदा गेली दोन वर्षं भरून यायचा, ते श्रीधर बघत होता. लायसनचा विषय तिथेच मिटला.

नवा कॉम्प्युटर आला आणि शुभदाला हायसं वाटलं. दोन दिवसांचा अल्बम अर्ध्या दिवसात हातावेगळा होऊ लागला. जुन्या सीडी चरे पडून खराब होत चालल्या होत्या. त्यांतले सगळे फोटो तिने एकेक करून नव्या डिस्कमध्ये उतरवले, सीडी भंगारात घातल्या आणि जुनं मशीन दुकानदाराला देऊन टाकलं. एकदा श्रीधर म्हणाला, "एखादी जादा डिस्क घेऊन दुसरी प्रत घरी ठेवू या का?" ती म्हणाली, "गणपतीत बघू, तेव्हा दोन पैसे येतील."

गणपतीच्या आधी जुलै आला. महाडकरांना पुराचं नवल नाही. सावित्रीचं पाणी बाजारपेठेत येतं, दुकानांच्या पायऱ्या चढतं आणि उतरून जातं. त्या दिवशीही पाणी वाढतंय म्हटल्यावर शुभदाने कॉम्प्युटर उचलून भिंतीवरच्या उंच फळीवर ठेवला. त्या फळीपर्यंत पाणी कधीच गेलं नव्हतं. त्या वर्षी ते शटर बुडवून वर गेलं. ओसरल्यावर दोघांनी दार उघडलं तेव्हा फळी निखळून पडली होती आणि मशीन गुडघाभर चिखलात पालथं होतं.

डिस्क पुण्याला पाठवली. दोन महिन्यांनी तिथून फोन आला की चिखल आतपर्यंत गेलाय, काही हाती लागणार नाही. श्रीधर तिला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं.

पुढे जुनाच एक कॉम्प्युटर कुठूनतरी आणला आणि या वेळी लायसनही घेतलं. काढलेला प्रत्येक फोटो आता आपोआप इंटरनेटवर साठवला जायचा. पण तो पुरानंतरचा.

दिवाळीनंतर एक दिवस कापडे गावाहून हैबती आला. साठी उलटलेला, भातशेती करणारा माणूस. बरोबर मुंबईला दिलेली मुलगी, रेश्मा. हैबतीची बायको ठमाबाई आठ दिवसांपूर्वी गेली होती.

"ताई, तुमच्याकडंच फोटो काढला व्हता तिचा, बँकेसाठी," हैबती म्हणाला. "त्यो मोठा करून द्या. तेराव्याला लावायचा हाय."

शुभदाला ठमाबाई लख्ख आठवली. कोरोनाच्या आदल्या वर्षी आली होती. पासपोर्ट फोटोसाठी काठीसारखी ताठ बसली. तो काढून झाल्यावर श्रीधर कसलीशी चेष्टा करून गेला आणि बाई खळखळून हसली, तेवढ्यात त्याने आणखी एक फोटो टिपला. ठमाबाई शुभदाला म्हणाली होती, "गो बाय, त्यो पुसून टाक, समदे दात दिसतात." शुभदा हो म्हणाली होती आणि तो फोटो तिने मुद्दाम ठेवला होता. आवडला म्हणून.

"पुरात सगळं गेलं, बाबा," तिने सांगितलं. हसऱ्या फोटोचं तिने नाव काढलं नाही. नसलेल्या वस्तूचं सांगून त्याला आणखी कशाला जाळायचं?

"तुमच्या मोबाइलमध्ये नाही का?" तिने रेश्माला विचारलं.

"आई मोबाइल बघितला की पदर ओढून घ्यायची, ताई. एक पण क्लिअर नाय."

हैबतीने पिशवीतून बँकेचं पासबुक काढलं. त्यावर तोच पासपोर्ट फोटो चिकटवलेला होता. पण बँकेचा गोल शिक्का नेमका चेहऱ्यावर बसला होता, आणि दमट हवेने जांभळी शाई पसरून डावा डोळा आणि गाल पार झाकून गेले होते.

"यातून काढता येईल का?"

नाही म्हणायला हवं होतं. पण शुभदाची जीभ वळली नाही. "बघते," ती म्हणाली.

तीन दिवस ती त्या फोटोवर बसली. मशीन मधेच अडायचं, ती वाट बघायची. शाई काढली तर खालून कोरा कागदच निघत होता. शेवटी तिने उजवा डोळा आणि उजवा गाल उलटा करून डावीकडे बसवला, कडा जुळवल्या, कपाळावर थोडी सावली दिली. काम सफाईचं झालं होतं. श्रीधरने पाहिलं आणि विचारलं, "अशीच होती का गं ती?"

"मला तरी अशीच आठवते," ती म्हणाली. म्हणताना तिची तिलाच खात्री नव्हती.

फोटो न्यायला बापलेक आले. रेश्माच्या डोळ्यांत पाणी आलं. "एकदम मस्त झालाय, ताई. आई समोर बसल्यासारखी वाटते."

हैबतीने फ्रेम दोन्ही हातांत धरली आणि बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "बाय चांगली हाय. पन ही ठमा नाय."

"बाबा, काय बोलता?"

"तिचा डावा डोळा बारीक व्हता. ल्हानपनी भाताचं कुसळ गेलं व्हतं. ती बघायची ना, तवा जरा मान वाकडी करून बघायची." त्याने शुभदाकडे पाहिलं. तक्रार नव्हती त्याच्या बोलण्यात. "तुमचा दोष नाय, ताई. तुमाला काय ठावं?"

पण शुभदाला ठाऊक होतं. त्या हसऱ्या फोटोत तो बारीक डोळा पार मिटून गेला होता, आता तिला ते स्वच्छ दिसलं. "परत करून देते," ती म्हणाली. "तो डोळा बारीक करते."

"परवा तेरावं हाय. ऱ्हाऊ दे." त्याने फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळली. शुभदाने पैसे घेतले नाहीत. त्याने ते टेबलावर ठेवले आणि तो एसटी गाठायला निघून गेला.

ती दोघं गेल्यानंतर शुभदाने फोटोतला डोळा बारीक करून पाहिला. चार-पाच तऱ्हांनी करून पाहिला. प्रत्येक वेळी वेगळीच बाई समोर यायची. एकही हैबतीकडे पाठवावा असं तिला वाटलं नाही.

दीड वर्षाने कापड्याला एका लग्नाचं काम निघालं. श्रीधरबरोबर शुभदाही गेली. दुपारी जेवणं आटोपल्यावर ती वाट विचारत हैबतीच्या घरी पोचली. तो ओटीवर टोपल्या विणत होता. तिला पाहून उठला, आत नेलं, पाणी दिलं. समोरच्या भिंतीवर तो फोटो होता, सुकलेल्या झेंडूच्या हारात.

"बाबा, तुमच्या मनासारखा नाही झाला तो," शुभदा म्हणाली. "मला फार लागून राहिलंय. तुम्ही शेजारी बसून सांगितलंत तर अजून एकदा करून बघते."

हैबतीने फोटोकडे पाहिलं.

"आदी मला बघवत नव्हता," तो म्हणाला. "नातवंडं म्हनायची, ही आजी. मी म्हनायचो, नाय रे, ती अशी नव्हती. मंग म्हननं सोडलं. आता तुमी इचारता, ताई, पन मी काय सांगू? डोळं मिटलं तरी आता हीच येते समोर. खरी कशी दिसायची ते मलापन आठवत नाय."

शुभदाने पेल्यातलं उरलेलं पाणी प्यायलं, नमस्कार केला आणि ती बाहेर पडली. लग्नघरी वाजंत्री सुरू झाली होती आणि श्रीधर गाडीत सामान भरत होता. महाड येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसली.