राखाडी हेल्मेटचा हेवा

मी एक जुने लाल हेल्मेट आहे, मित्रांनो, आणि मत्सरी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे ऐकताना माझ्याविषयी भलता आदर वाटायला नको.

एका कारखान्यात फोमवर प्लास्टिकचे कवच चढवून मला घडवले. आकुर्डीच्या एका दुकानातून विजयश्रीने मला घेतले. ती मूळची लातूरकडची. निघोज्याच्या कंपनीत सुटे भाग तपासायचे काम करते आणि रोज सायकलने जाते. माझा चकचकीत रंग तिला पाहताक्षणी आवडला. मी कपाळाला जरा आवळत होते, पण दुकानदार म्हणाला, "घ्या ताई, वापरून सैल होतंय."

मी काही सैल झाले नाही. तरी दोन वर्षे तिच्या डोक्यावर मिरवले. कंपनीच्या गेटवरचा पहारेकरी म्हणे, "ताई, लांबूनच ओळखू येता!" हे कौतुक माझेच, असे मी धरून चालत असे.

मग एका रविवारी ती मैत्रिणींबरोबर लोणावळ्याला निघाली. कामशेतपर्यंत कपाळ असे ठणकू लागले की सायकल टेम्पोत घालून परत यावे लागले. तिच्या नवऱ्याने, दिग्विजयने, शिवणाच्या डब्यातली टेप काढून भुवयांच्या वर तिच्या डोक्याचा घेर मोजला.

"अगं, हे तुझ्या मापाचंच नाही!"

आठवड्याभरात घरात राखाडी हेल्मेट आले. दिग्विजय हसत शेजाऱ्यांना सांगत होता, "दहा मिनिटं घालून बसली होती दुकानात. मान हलवली, खाली वाकली, अंबाडा नीट बसतोय का बघितलं. दुकानदार कंटाळला राव!"

मला कोणी दहा मिनिटे घालून पाहिले नव्हते.

आता मी खुंटीवर आणि ते डोक्यावर. हलके, आतून वारा खेळणारे, रंगाने मात्र गढूळ डबके! ते लोणावळ्याला जाऊन आले. विजयश्री गुणगुणत घरात शिरली. माझ्यासोबत ती कधी गुणगुणली नव्हती. फुटो मेले, असे मी रोज सकाळी मनात म्हणू लागले.

आणि ते फुटले. तळवड्याच्या रस्त्यावर खडीवरून तिचे चाक घसरले. ती घरी आली तेव्हा कोपर सोलवटले होते आणि हातात ते राखाडी हेल्मेट होते, पुढच्या बाजूने तडकलेले. क्षणभर मला आनंद झाला. मग ध्यानात आले की त्याच्या आत तिचे डोके होते. रोज शाप देताना ते मला एकदाही आठवले नव्हते.

"तडकलेलं घालू नको. नवं येईपर्यंत जुनं घाल," दिग्विजय म्हणाला.

तिने मला चढवले आणि सवयीने लगेच मागे सारले. "पुढं घेतलं की दुखायलंय हो."

समोरच्या आरशात मी पाहिले. राखाडीला जिथे तडा गेला होता, तिथे माझ्या कडेखाली नुसते उघडे कपाळ होते. दोन वर्षे मी असेच बसत आले होते. दिग्विजयलाही ते दिसले. त्याने मला उतरवले. दुसऱ्या दिवशी ती कंपनीच्या बसने गेली आणि संध्याकाळी तसलेच दुसरे राखाडी घेऊन आली.

मित्रांनो, त्याचाही मला हेवा वाटतो. स्वभाव जात नाही. पण ती निघाली की मी आता म्हणते, नीट बस बाबा तिच्या कपाळावर. तुम्ही दुकानात जाल तेव्हा रंगाला भुलू नका. डोके मोजा, हनुवटीखालचा पट्टा लावा, घालून थोडे थांबा. दुखले, तर मला तिथेच ठेवून या.

मला वाईट वाटेल. वाटू द्या.